कोसा, साचा आणि पान

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या गल्लीत रांगोळीच्या छाप्यांची देवघेव सुरू होते. भोके पाडलेली पत्र्याची किंवा प्लास्टिकची ताटली अंगणात ठेवायची, वर रांगोळी पसरायची, एकदा हात फिरवायचा आणि ताटली अलगद उचलायची. कमळ तयार! गेल्या वर्षी पाडव्याच्या सकाळी मी सहज फेरफटका मारायला निघालो, तेव्हा ओळीने सात दारांपुढे एकच कमळ फुललेले दिसले. आठवे दार आमचे. तिथेही तेच कमळ होते; फक्त माझ्या आईने त्याच्या शेजारी गाईची पावले आपल्या हाताने काढली होती आणि त्यातले एक पाऊल जरा वाकडे पडले होते.

छाप्यांना नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. कमरेचे दुखणे असलेल्या बाईला ठिपक्यांची रांगोळी काढत बसा, असे सांगणारा मी कोण? परंतु या वर्षी मला दुसऱ्याच एका प्रकारच्या छाप्यांशी सहा महिने झटापट करावी लागली, आणि त्या काळात ते वाकडे पाऊल मला वारंवार आठवले. ही झटापट होती इंटरनेटवरच्या एका दुकानाची पाने तयार करण्याची. मराठीच्या प्राध्यापकाने दुकानदारीत कशाला शिरावे, असे आमच्या स्टाफरूममध्येही विचारून झाले आहे. तेव्हा हकीकत सुरुवातीपासून सांगतो.

आमचे कॉलेज ब्रह्मपुरीकडे, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात. वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा आणि आरमोरी. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याची वाटणी होऊन गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला खरा. पण ही बातमी कोशाच्या किड्याला कोणी कळवलेली नाही. तो नदीच्या दोन्ही तीरांवर येनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर पाने खातो. पुण्या-मुंबईचे वाचक ज्याला ऐन म्हणतात, तो आमचा येन. पलीकडे आरमोरीच्या बाजूला कोसा पिकतो, अलीकडे नागभीडच्या बाजूला त्याचे कापड विणले जाते. कोसा म्हणजे टसर रेशमाच्या किड्याचे घर. व्याकरणाची एक गंमत इथेच सांगून टाकतो. 'कोसा' या शब्दाचे सामान्यरूप 'कोशा', आणि शब्दांच्या कोशाचेही तेच. त्यामुळे मी घरी फोनवर "कोशाचे काम चालले आहे" असे सांगत असे, तेव्हा आमचे वडील बंधू अनेक दिवस मी शब्दकोश लिहितो आहे अशा समजुतीत होते.

तर गेल्या माघात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. आरमोरीच्या पलीकडच्या एका खेड्यातली मुलगी. मराठी घेऊन बी. ए. झाली आणि आता गावातल्या बायकांच्या बचत गटाचा हिशेब आणि संगणक सांभाळते. गटातल्या बायका कोसा उकळून धागा काढतात, नागभीडकडचे विणकर त्याची उपरणी, कापड आणि थोड्या साड्या विणून देतात, आणि हा माल विकण्यासाठी गटाने इंटरनेटवर दुकान उघडले आहे. ती म्हणाली, "सर, दुकान आहे, पण त्याची पाने आमची नाहीत. तुम्ही लिहून द्याल का?"

दुकानाची पाने म्हणजे काय, हे मला तोवर धड माहीत नव्हते. तिने फोनवर दाखवली. वस्तूंची चित्रे आणि किमती असतात ती पाने वेगळी. त्यांच्याशिवाय प्रत्येक दुकानात आणखी काही पाने असतात: आमच्याविषयी, माल कसा बनतो, कसा वापरावा, परत करायचा असल्यास काय करावे, कुठे भेटावे. कापडाच्या पेढीवर गादीवर बसलेला मालक गिऱ्हाइकाशी ज्या चार गोष्टी बोलतो, त्या इथे पानांनी बोलायच्या असतात. गटाचे दुकान शहरातल्या एका गृहस्थाने दोन दिवसांत उभारून दिले होते. ते एका तयार साच्यावरून केलेले होते आणि तो साचा बहुधा घरगुती बिस्किटे विकणाऱ्या कोणासाठी तरी घडवलेला असावा. कारण 'आमच्याविषयी' या पानावर यंत्राने केलेल्या मराठीत लिहिले होते की, आमच्या कहाणीची सुरुवात एका छोट्याशा स्वयंपाकघरात झाली आणि ताजेपणा हे आमचे वचन आहे. एका गिऱ्हाइकाने त्यावर भाबडेपणाने विचारले होते, माल किती दिवस टिकतो?

मी हसलो. गटातल्या सर्वांत ज्येष्ठ बाईंना मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. "शिजवतो त आमी बी जी," त्या म्हणाल्या. कोसे सोड्याच्या पाण्यात उकळतात हे खरेच आहे.

पण गोष्ट हसण्यावारी नेण्याची नव्हती. पहिल्या दोन महिन्यांत बारा उपरणी विकली गेली आणि त्यातली पाच परत आली. कारणे लिहिलेली होती: 'चित्रातल्यासारखा रंग नाही', 'एका टोकाला रंग वेगळा', 'मध्ये गाठी आहेत'. जाण्याचा आणि येण्याचा टपालखर्च गटाच्या माथी. एका उपरण्यामागे गटाला जे सुटते, त्याहून हा खर्च जास्त. पूर्वी व्ही. पी. ने माल मागवण्याची पद्धत होती तेव्हाही हे दुखणे होतेच, पोस्टमन दारात उभा राहिला की घरधनी म्हणायचा, "आम्ही मागवलेच नाही!" आणि पुडके फिरून मूळपदावर. पण तिथे निदान पुडके उघडून पाहिलेले नसे. इथे गिऱ्हाइकाने माल पाहिला, हात लावला आणि मग नाकारला, हे बायकांना लागले होते. गटाच्या बैठकीत विषय निघाला की हे दुकान बंद करावे आणि पूर्वीसारखे कोसेच नगांवर मोजून व्यापाऱ्याला द्यावेत. माझी विद्यार्थिनी माझ्याकडे आली ती या बैठकीनंतर.

आता साचा या वस्तूविषयी थोडे. मराठी माणसाला साचा नवा नाही. 'ती. बाबांचे सेवेशी, शि. सा. न. वि. वि.' हा साचाच. त्यात कुणी नोकरी लागल्याचे कळवले, कुणी मुलगी झाल्याचे, कुणी घर जळाल्याचे. मायना एकच आणि मजकूर हजार, म्हणून तर तो मायना इतकी शतके टिकला. झाडीपट्टीच्या नाटकांचे फलक पाहा. दिवाळी झाली की आमच्या भागात धान कापणीबरोबर नाटकांचाही हंगाम येतो. वडसा देसाईगंजच्या मंडळ्यांचे फलक गावोगाव लागतात. त्यांची मांडणी ठरलेली असते, आणि तरीही लोक तो लांबूनच वाचून कोणते नाटक, कुठे आणि कोण काम करणार हे ओळखतात. साचा वाचणाऱ्याची सोय करतो. कुठे काय सापडेल हे त्याला आधीच ठाऊक असते.

इंटरनेटवरचे साचेही याच जातीचे. ज्या शॉपिफाय नावाच्या प्रणालीवर आज जगभर असंख्य दुकाने चालतात, तिचा जन्मही साच्याच्या अडचणीतूनच झाला. २००४ साली कॅनडातल्या ओटावा शहरी टोबियास ल्युटके आणि त्याचे सोबती बर्फावरून घसरण्याच्या फळ्या विकायला निघाले. त्या वेळी मिळणारी तयार दुकाने त्यांना पसंत पडली नाहीत, म्हणून ल्युटकेने स्वतःच प्रणाली लिहायला घेतली. २००६ साली ती इतरांसाठी खुली झाली. फळ्या मागे पडल्या आणि दुकानांचे साचे हाच धंदा झाला. म्हणजे जो स्वतः दुसऱ्याच्या साच्यात मावला नाही, त्याच्या साच्यात आता जग मावते! २००३ साली आलेल्या वर्डप्रेसची कथा वेगळी. ती लिहिणाऱ्यांची सोय म्हणून निघाली आणि वूकॉमर्सची जोड मिळून २०११ पासून तिच्यावरही दुकाने थाटता येऊ लागली. २०१८ साली तिच्यात पान ठोकळ्या-ठोकळ्यांनी जुळवण्याची सोय आली, तिला नाव दिले गुटेनबर्ग. खिळे जुळवणाऱ्या त्या जर्मन मुद्रकाची आठवण ठेवली हे मला आवडले.

अशा प्रणालीत एका पानाचे तीन थर असतात, हे समजायला मला तीन आठवडे लागले. वाचकांना तीन वाक्यांत सांगतो. सर्वांत खाली दुकानाचे रूप: अक्षरे, रंग, माथ्यावरची पट्टी. त्यावर साचा: या जातीच्या पानावर आधी चित्र, मग परिच्छेद, मग प्रश्नोत्तरे, असा क्रम. सर्वांत वर त्या एका पानाचा मजकूर. पूर्वी नवा साचा करायचा तर जाणकार माणूस बोलवावा लागे. आता मूळ साच्याची प्रत काढायची, तिला नवे नाव द्यायचे, ठोकळे वर-खाली सरकवायचे, आणि पानाच्या कडेला असलेल्या यादीतून 'या पानाला हा साचा' असे निवडायचे. शॉपिफायवर २०२१ पासून एका साच्यात असे २५ विभाग मांडता येतात. आम्हाला सात पुरले.

माझी पहिली चूक या थरांचीच. करवतकाठी साडीवर मी मोठ्या हौसेने दोन परिच्छेद लिहिले. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी काठावर असते म्हणून हे नाव. काठाचा धागा आणि अंगाचा टसर यांची विणतानाच एकमेकांत गुंफण होते. या वस्त्राला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे, वगैरे. मजकूर मला बरा वाटला. तो मी पानात न घालता साच्याच्या ठोकळ्यात घातला. दुसऱ्या दिवशी विद्यार्थिनीचा फोन आला. करवतकाठीची हकीकत उपरण्याखाली होती, तागडी कापडाखाली होती, गमछ्याखाली होती. सगळ्या वस्तूंना तोच साचा लावलेला होता ना! सात दारांपुढचे कमळ.

त्यावर उपाय असतो. साच्यात मजकूर न लिहिता तिथे रिकामा रकाना ठेवायचा आणि प्रत्येक वस्तूच्या नोंदीत त्या रकान्याचे उत्तर भरायचे. मग साचा एक राहतो आणि पान ज्याचे त्याचे होते. तयार रकाने चारच होते: रंग, माप, साहित्य, शिल्लक नग. रंगाच्या रकान्यात त्या शहरी गृहस्थाने 'ब्राऊन' असे भरून ठेवले होते. मला वाटते, ती पाच उपरणी परत आली ती या एका शब्दामुळे. कारखान्यात रंगवलेले कापड एका रंगाचे असते, म्हणून तिथे रंग हा रकाना पुरतो. न रंगवलेल्या टसरला तो विचारणे म्हणजे आकाशाला रंग विचारण्यासारखे आहे. कधीचे आकाश?

म्हणून आम्ही नवे रकाने ठरवायला बसलो. फाल्गुनातली दुपार, गटाच्या खोलीत टोपल्यांतून कोसे. मी वही काढली आणि प्राध्यापकी थाटात तीन रकाने सुचवले: इतिहास, परंपरा आणि सौंदर्य. बायका नम्रपणे गप्प राहिल्या. मग त्या ज्येष्ठ बाईंनी परत आलेल्यांपैकी एक उपरणे मांडीवर पसरले आणि एका टोकापासून बोट फिरवायला सुरुवात केली. इथवर पावसाच्या पिकाचा धागा. इथून हिवाळ्याचा. हा कोसा पातळ, हा जाड. ही गाठ धागा तुटला तिथली, जोडणाऱ्या बाईचे नावही त्यांनी सांगितले. मी विचारले, "हे सगळे रंगावरून कळते?" त्या म्हणाल्या, "डोर्‍याले दिसते त सांगतो जी. पावसाचा कोसा न हिवाचा कोसा सारका कसा राहीन?"

त्या बोटाने पानाचा साचा ठरवला. कोणत्या पिकाचा कोसा, कोणत्या झाडावरचा, धागा कशाने काढला, रंग दिला की नाही, कुठे विणले, आणि 'हाताला काय लागेल'. हा शेवटचा रकाना विद्यार्थिनीचा. त्यात गाठी, जाड-बारीकपणा, टोकाकडे बदललेली छटा, जे असेल ते आधीच सांगायचे. गिऱ्हाईक घाबरेल अशी मला भीती वाटत होती. ती म्हणाली, "सर, घरी नेऊन घाबरण्यापेक्षा इथे घाबरलेले परवडते."

'माल कसा बनतो' या पानासाठी मला पुष्कळ शिकावे लागले. तुतीच्या पानांवर वाढणारा रेशमाचा किडा घरात सुपांवर पाळतात. टसरचा किडा उघड्यावर झाडावर वाढतो. त्यामुळे पीक अंगावर येईपर्यंत राखणीला जंगलातच मुक्काम. पक्षी टिपतात, मुंग्या आणि गांधीलमाश्या धरतात, पाऊस झोडपतो. आमच्याकडे हे काम पिढ्यानपिढ्या मुख्यतः ढिवर समाजाने केले. तळ्यात मासळी आणि झाडावर कोसा, अशी त्यांची दुहेरी शेती. वर्षात तीनपर्यंत पिके निघतात. पावसाळ्याच्या सुरुवातीचे पीक हलके, हिवाळ्याच्या बाजूचे भरीव. सगळ्याचे मूळ निरोगी अंड्यांत. सरकारी भाषेत त्यांना 'रोगमुक्त अंडीपुंज' म्हणतात. अंडी घातल्यावर मादी पतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोगट अंडी काढून टाकायची, ही युक्ती लुई पाश्चरची. १८६५ पासून पुढे काही वर्षे तो फ्रान्समध्ये रेशमाच्या किड्यांच्या रोगावर झटत होता. पाश्चरचे नाव मी पानात घातले होते. विद्यार्थिनीने ते काढले. "लांबते, सर." प्राध्यापकाला आपल्या विद्यार्थ्याकडून लाल शाई लागावी, यासारखे सुख नाही, असे म्हणतात. मला ते फारसे जाणवले नाही.

परंतु खरी लाल शाई पुढे लागली. धागा काढण्याच्या जुन्या रीतीत बाई पाय पसरून बसते, उकळलेल्या कोशांची तार ओढते आणि ती उघड्या मांडीवर तळहाताने वळत राहते. मी यावर एक वाक्य लिहिले होते. ते इथे देत नाही, कारण त्याची मला आता लाज वाटते; त्यात 'मांडीची ऊब' असे शब्द होते आणि 'शतकांची परंपरा' असेही होते. विद्यार्थिनीने ते गटात वाचून दाखवले. कुणी काही बोलले नाही. ज्येष्ठ बाईंनी लुगडे गुडघ्याच्या जरा वर ओढले आणि मांडीची कातडी दाखवली. घासून घासून काळी, टणक, जागोजाग सोललेली. "हे लिवा," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "नाईत काईच नोका लिवू."

केंद्रीय रेशीम मंडळाने मांडीवरचे हे वळण बंद व्हावे म्हणून 'बुनियाद' नावाचे यंत्र काढले आहे. बाई त्यापुढे बसून धागा काढते, मांडीला काम नाही. गटाकडे अशी काही यंत्रे आहेत. म्हणजे मी ज्या गोष्टीचे गोडवे गात होतो, तिच्यातून सुटण्यासाठी या बायकांनी कर्ज काढले होते! शहरातल्या गिऱ्हाइकाला हाताने केलेली वस्तू हवी असते, आणि हाताने म्हणजे कोणत्या अवयवाने, हे त्याला ठाऊक नसते. आम्ही त्या पानावर शेवटी लिहिले की, पूर्वी धागा मांडीवर वळत असू, त्याने कातडी सोलते, आता यंत्रावर काढतो, आणि विणकाम मात्र हातमागावरच होते. एवढेच. चित्र यंत्रापुढे बसलेल्या बायकांचे.

असाच एक प्रश्न किड्याचा निघाला. धागा अखंड मिळावा म्हणून कोशातला किडा पतंग होऊन बाहेर पडण्याआधीच मारावा लागतो. हे लिहायचे का? दिवाळीत देवाला नेसवण्यासाठी कापड घेणाऱ्या भाविकाला हे रुचेल का? मी शब्द शोधत बसलो. बाई म्हणाल्या, "मरते त मरते म्हना." म्हटले. त्याखाली दुसरी ओळ घातली: पतंग उडून गेल्यावर उरलेल्या भोकाच्या कोशांचा सूतही कातला जातो; तो खरबरीत असतो; हवा असल्यास कळवावे. नवल असे की त्या सुताची मागणी पुष्कळ आली.

भाषेच्या लहानसहान लढाया तर रोजच्या. साच्याला इंग्रजी अक्षरांची सवय. मथळ्याची अक्षरे सुटी-सुटी दिसावीत म्हणून त्यांच्यामध्ये अंतर सोडलेले होते; देवनागरीत तेच अंतर पडले तेव्हा शिरोरेषा तुटली आणि 'कोसा' हा शब्द दोन भावांच्या वाटणीसारखा दिसू लागला. ओळींमधली जागा अपुरी, म्हणून वेलांट्या वरच्या ओळीत घुसत आणि उकार खाली कापले जात. अंतर शून्य केले, जागा वाढवली, तेव्हा अक्षर नीट बसले. यंत्राने केलेल्या भाषांतरात खरेदीच्या खुणेवर 'गाडीत जोडा' असे होते. बैल जोडायचे की काय! आम्ही 'पिशवीत टाका' असे केले. कपड्याची निगा सांगणाऱ्या पानाचे नाव होते 'काळजी', आणि दुकानात शिरताच ठळक अक्षरात काळजी दिसे. ते 'कापड कसे जपावे' झाले. सौम्य साबण, सावलीत वाळवणे, घडीच्या जागा अधूनमधून बदलणे, हे बायका बोलल्या तसेच उतरवले.

परतीच्या नियमांचे पान मात्र मनाने लिहिता येत नाही. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० साली लागू झाले. विकणाऱ्याचे नाव, पत्ता, संपर्क, माल कोणत्या देशात बनला, तो परत कसा घेणार, पैसे कसे फिरवणार, हे सगळे दाखवावे लागते. तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रार पोहोचल्याचे कळवायचे आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावायचा. आमची तक्रार अधिकारी माझी विद्यार्थिनीच. गावात फोनला जोर फक्त तलावाच्या पाळीवर लागतो, म्हणून रोज संध्याकाळी ती पाळीवर जाऊन तक्रारी पाहते. याच कारणाने आम्ही पानांवरची मोठी चित्रे काढून लहान केली. ज्यांचे दुकान त्यांना स्वतःचे पान उघडता येऊ नये, हे काही बरे नव्हे. शुद्ध रेशमाची खूण असलेला सिल्क मार्क २००४ पासून आहे आणि हातमागाची खूण २००६ पासून. दोन्ही खुणांचा अर्थ सांगणारी दोन वाक्ये त्याच पानाच्या तळाशी आहेत. ही दोन वाक्ये लोक वाचत असतील असे मला वाटत नाही.

पाने चैत्रात सुरू झाली. वैशाखापासून भाद्रपदापर्यंत वीस उपरणी गेली आणि दोन परत आली. एक खरोखर फाटके निघाले. दोष आमचा होता, पैसे फिरवले. दुसरे पाठवणाऱ्याने लिहिले होते की तुम्ही गाठी आहेत असे सांगितले होते, पण या उपरण्यात एकही गाठ सापडत नाही, तेव्हा हे यंत्रावरचे तर नाही ना? बायकांनी ते पत्र दोनदा वाचून घेतले. ज्येष्ठ बाईंनी उपरणे उलगडले, बोट फिरवले आणि चौथ्या हातावर गाठ दाखवली. ती इतकी सफाईने मारलेली होती की मला चष्मा पुसून पाहावे लागले. त्या जागेचे चित्र काढून, भोवती तांबडे वर्तुळ करून, गिऱ्हाइकाला पाठवले. उपरणे त्याने पुन्हा मागवून घेतले.

दुकान बंद करण्याचा विषय गटाने तूर्त पुढे ढकलला आहे. थोडे कोसे अजूनही व्यापाऱ्याकडे जातात. घरात लग्न किंवा आजारपण निघाले की रोख पैसा तिथेच मिळतो, आणि उपरण्याचे पैसे यायला महिना लागतो. हे पानाने सुटणारे दुखणे नव्हे.

परवा, हा लेख लिहायला बसलो त्याच संध्याकाळी, पाळीवरून विद्यार्थिनीचा फोन आला. दिवाळीच्या मालाचे पान तयार करून ठेवले होते. पीक, झाड, यंत्र, विणकराचे गाव, सगळे रकाने भरलेले. छटेचा तेवढा रिकामा. "सर, लोक विचारताहेत. मागच्या वर्षीची छटा टाकून ठेवू का?"

मी म्हटले, बाईंना विचार. फोन हातोहात गेला असावा, कारण पलीकडे आधी वारा ऐकू आला, मग बांगड्या, आणि मग बाईंचा आवाज.

"कोसा उकडलाच नाई जी अजून. उकडला का सांगन."